फेरे कोण मोजतंय

रईसा: अजून सोपं म्हंजे किती सोपं, शिवराजभाऊ? सायकल ठेवायची का पाळणा करायचा तिचा?

शिवराज: एवढी एक बारी, आपा.

रईसा: मागं आलते तवाबी एवढी एक बारीच होती. त्याच्या आधी आलते तवाबी. तुमची एक बारी काय संपत नाय.

शिवराज: चेष्टा नका करू. रविवारी मागून बघत होतो मी मुक्ताला. दौलताबादच्या घाटातला तो शेवटचा उभा चढ. सायकल अशी डोलत चाललेली, आत्ता पडते का मग पडते. वर पोचली तर ओठ निळे. आणि मला म्हणते काय, "बघा, आले का नाही?"

रईसा: बाई तशाच हायेत. आमच्या खुशनुमाला शाळेत शिकवायच्या तवाबी तसंच. अंगात ताप असला तरी खुर्चीला पाठ टेकवायच्या नाय.

शिवराज: म्हणून म्हणतो, मागची कॅसेट बदला. अजून मोठी लावा.

रईसा: बसा आधी. त्या स्टुलावर नाय, त्याला ग्रीस हाय. इकडं बसा. आता ऐका. आमचे शौकत हयात होते तवा ह्याच दुकानात गिऱ्हाइकाला असं समोर बसवून समजवायचे, मीबी तसंच करते. पेडलपाशी ही पुढची चकती. मागं चाकाला ही कॅसेट, लहान-मोठ्या चकत्यांची उतरंड. चढाला पुढं लहान घ्यायची, मागं मोठी. मागची जेवढी मोठी तेवढा पायाला जोर कमी. बरोबर?

शिवराज: माहितीये मला ते.

रईसा: म्हाईत हाय तर पुढचंबी ऐका. बाईंची सायकल नवी घेतली तवा मागची सगळ्यात मोठी चकती अठ्ठावीस दातांची होती. तुम्ही आले, तीसची लावली. परत आले, बत्तीसची लावली. आता राहिली चौतीसची. पुढची लहान चकतीबी चौतीसचीच हाय, आणि तिच्यापेक्षा लहान पेडलच्या ह्या दांडीला, क्रँकला, बसत नाय, बोल्टाची भोकंच तशी हायेत. म्हंजे पुढं चौतीस, मागं चौतीस. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरणार. बरोबरीचा मामला. ह्याच्याखाली ह्या सायकलीत काय नाय.

शिवराज: म्हणजे ही शेवटची.

रईसा: शेवटची. त्याच्यापुढं उतरायचं, आणि सायकल हातात धरून चालायचं.

शिवराज: चालेल. लावा.

रईसा: आणि दर बारीला सांगते ते आजबी सांगते. जोर कमी झाला की फेरे वाढतात. फुकट काय मिळत नाय. जोरात नाय दिलं तर फेऱ्यांत द्यावं लागतं.

शिवराज: फेरे कोण मोजतंय, आपा? तिला दम लागायला नको, बास.

रईसा: ह्या बारीला तरी बाईंना सांगितलं का?

शिवराज: नाही.

रईसा: मग काय सांगून आणली सायकल?

शिवराज: धुवायला. चेनला तेलपाणी करायला.

रईसा: वा रे वा. इथं नळाला पाणी आठवड्यानं येतं, माणसं अंघोळीला मोजून बादली घेतात, आणि तुमची सायकल सारखी न्हायला चालली.

शिवराज: मग काय सांगू तिला? सांगा ना तुम्ही. फुप्फुसं कडक होत चाललीत तिची. डॉक्टरनं मला एकट्याला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, औषधाचा उपयोग होत नाहीये, हे थांबत नाहीये. मी आत आलो. ती पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, थांबलंय गं. होतं तेवढंच आहे, वाढलेलं नाही.

रईसा: आणि बाईंनी मानलं?

शिवराज: कशाची मानते! म्हणाली, "तुमचे रिपोर्ट तुमच्यापाशी राहू द्या. माझा रिपोर्ट म्हणजे दौलताबादचा घाट. जोवर मी तो चढतेय तोवर थांबलंय. ज्या दिवशी चढता येणार नाही, त्या दिवशी मी काय ते समजून घेईन." आणि दर रविवारी पहाटे उठून निघते. आता सांगा, मी काय करायचं? घाट तर मला कमी करता येत नाही.

रईसा: म्हणून गिअर कमी करता.

शिवराज: डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढी चालवू द्या, मन राहतं. मन राहतंय तिचं, आपा. वर पोचली की हसते.

रईसा: आणि तुम्ही कुठं असता? पुढं का मागं?

शिवराज: मागंच. मी कायमच मागं. आधी खरोखरच मागं पडायचो. ही वर पोचून चंपाबाईच्या गाडीवर पेरू कापून घ्यायची, तिखटमीठ लावून माझी वाट बघत बसायची. "काय हो, म्हातारे झालात का?" आता मी मुद्दाम मागं राहतो. खोट्या धापा टाकतो. म्हणजे तिला वाटावं, हे असेच, मीपण अशीच.

रईसा: या अल्ला.

शिवराज: चुकतंय का माझं?

रईसा: एक बोलू? राग धरायचा नाय. आमचे शौकत दवाखान्यात होते, तवा सगळ्यांना म्हाईत होतं. दिरांना म्हाईत, खुशनुमाला म्हाईत, शेजारच्या किराणावाल्यालाबी म्हाईत. एक मला सोडून. मला सगळे म्हणायचे, बरे होतायत, घरी आले की बिर्याणी कर. मी चांगला जुना बासमती आणून ठेवला, निवडून डब्यात भरला. तो तांदूळ त्यांच्या चाळिसाव्याला शिजला, भाऊ. मला त्यांच्याशी काय काय बोलायचं होतं. कोणी बोलूच दिलं नाय. लई राग हाय माझ्या पोटात, आणि तो काढायला माणूस नाय.

शिवराज: मुक्ताचं वेगळं आहे.

रईसा: सगळ्यांचं वेगळंच असतं.

शिवराज: ती कोसळेल. त्या घाटावर जगतेय ती. तोच काढून घेतला तर त्याच्या बदल्यात मी तिला काय देऊ? माझ्यापाशी काही नाही, आपा. काहीच नाही.

रईसा: हां, हां. रडू नका. अहो तो फडका नका घेऊ, तेलाचा हाय. हा घ्या, ओढणीचं टोक घ्या. पुसा.

शिवराज: लावाल ना?

रईसा: ठेवून जा. उद्या बघते.

शिवराज: आणि ती काढलेली बत्तीसची...

रईसा: घरी न्यायची नाय, बाईंच्या नजरेला पडायला नको, म्हाईत हाय मला. तुमची अठ्ठावीसची, तीसची, सगळ्या माझ्याच पेटीत हायेत. लोक सोनाराकडं दागिने ठेवतात, तुम्ही माझ्याकडं दात ठेवता. जा आता. गरम काहीतरी खाऊन जा, तोंड बघा कसं झालंय.

* * *

मुक्ता: ही चौतीसची का?

रईसा: कोण... बाई! तुम्ही? या ना, या. ही होय? ही दुसऱ्या गिऱ्हाइकाची हाय.

मुक्ता: रईसाआपा, मधल्या सुट्टीत चिंचा पाडून पोरं तोंड पुसून वर्गात बसायची ना, अगदी तसा चेहरा झालाय तुमचा.

रईसा: एकट्याच आलात?

मुक्ता: रिक्षानं आले. ह्यांना सांगितलंय, औरंगपुऱ्यात ब्लाउजपीस बघायला जाते. खोटं बोलायचंच म्हटलं तर मलाही येतं. जरा बसते हं. आणि दोन मिनिटं माझ्याशी बोलू नका. श्वास येऊ दे.

रईसा: पाणी आणू?

मुक्ता: बोलू नका म्हटलं ना.

रईसा: बरं, बरं.

मुक्ता: हं. आता बोला. चौतीसचीच ना?

रईसा: मला नका विचारू, बाई. मी भाऊंना जबान दिलीय.

मुक्ता: मग मी सांगते, तुम्ही नुसती मान हलवा. माझी मूळची अठ्ठावीस होती. ह्यांनी आधी तीसची करून घेतली. मग बत्तीसची. आता चौतीसची. हलवा मान. शाब्बास.

रईसा: दात मोजले का तुम्ही?

मुक्ता: दात नंतर मोजले. त्याच्याआधी हजेरी संपली.

रईसा: कसली हजेरी?

मुक्ता: तो शेवटचा उभा चढ तुम्हाला माहीत आहे? वळणावर मैलाचा दगड, मध्ये तो निंब, आणि वर चंपाबाईची पेरूची गाडी. तिथं पायात गोळे येतात आणि मन म्हणायला लागतं, उतर बाई, उतर. अशा वेळी मनाला काहीतरी काम द्यावं लागतं. मी हजेरी घेते. चिकलठाण्याच्या शाळेतला माझा तो खच्चून भरलेला वर्ग, तुमच्या खुशनुमाचा. त्या वर्गातलं एकूण एक पोर मला अजून पाठ आहे. उजवा पाय खाली गेला की एक नाव. दगडापासून मुलं सुरू, निंबापाशी मुली, आणि सगळ्यात शेवटी...

रईसा: माझी खुशनुमा.

मुक्ता: शेख खुशनुमा शौकत. तिचं नाव घेतलं की समोर चंपाबाईची गाडी. कितीतरी वर्षं हे असंच. वर्ग संपायचा आणि घाट संपायचा.

रईसा: म्हंजे शौकतचं नावबी तुम्ही दर रविवारी घेता.

मुक्ता: घेते की. बापाच्या नावाशिवाय हजेरी होते का?

रईसा: थांबा जरा. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं.

मुक्ता: जाऊ दे, जाऊ दे. येऊ द्या पाणी.

रईसा: तुम्ही बोला. मी ऐकते.

मुक्ता: पहिल्यांदा ह्यांनी सायकल धुवून आणली, त्या रविवारी खुशनुमाचं नाव घेऊन झालं आणि गाडी अजून पुढंच. म्हटलं, एखाद-दुसरं नाव गाळलं असेल मी. पुढच्या रविवारी अगदी सावकाश घेतली हजेरी. परत तेच. पोरं संपली, रस्ता उरला. आता घाट तर काही रातोरात वाढत नाही. मग वर गेल्यावर चंपाबाई पेरू कापत होती, हे बाजूला उभे राहून खोट्या धापा टाकत होते, तेव्हा मी चपलेचा बंद लावायच्या निमित्तानं वाकले आणि मागच्या चकतीचे दात मोजले.

रईसा: भाऊ म्हणायचे, फेरे कोण मोजतंय. मी दर बारीला सांगायची हो त्यांना.

मुक्ता: त्यांचा काय दोष? हजेरी मी मनात घेते. त्यांना कधी सांगितलीच नव्हती. बायकोचं सगळं आपल्याला माहीत आहे, असं वाटतं नवऱ्यांना.

रईसा: धापा खोट्या हायेत, ते कसं कळलं?

मुक्ता: खरा दम लागलेल्या माणसाला बोलायचं असतं आणि बोलता येत नाही. हे नुसतेच धापा टाकतात. बोलायचं काही नसतंच. मला आता खरा दम चांगलाच ओळखता येतो, आपा.

रईसा: मग तिथंच का नाय बोलला? भांडायचं होतं चांगलं कडाकडा.

मुक्ता: कशावरून भांडू? चकती बघितली आणि मला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. औषध चालत नाहीये, हे कळलं. चालत असतं तर ह्यांनी दात कशाला वाढवले असते? आणि ह्यांना ते सांगता येत नाहीये, हेही कळलं. म्हटलं, ठीक आहे. ह्यांना वाटतंय ना, हिला घाट हवाय. तर चढू.

रईसा: म्हंजे तुम्हाला नकोय घाट?

मुक्ता: नकोय. शनिवारी दिवेलागणीपासून घड्याळाकडं बघत बसते. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी पोरं बसायची तशी. वर पोचते तेव्हा डोळ्यापुढं अंधार असतो. चंपाबाई हातात पेरू देते, तो मला दिसत नाही. आणि तशात मी म्हणते, "बघा, आले का नाही?" कारण ते वाक्य ऐकलं की ह्यांचा चेहरा असा उजळतो, लहान मुलासारखा. त्या चेहऱ्यासाठी चढते मी. दुसरं काही नाही.

रईसा: ते तुमच्यासाठी सोपं करतात, तुम्ही त्यांच्यासाठी चढता. आणि दोघांच्या मधी माझा पाना.

मुक्ता: म्हणूनच पान्याकडे आले. एक काम करा माझं. ही चौतीसची लावू नका.

रईसा: नाय लावत. जबान गेली उडत. बत्तीसचीच राहू द्यायची?

मुक्ता: नाही. माझी अठ्ठावीसची लावा.

रईसा: बाई! अठ्ठावीसवर आता तुम्ही निंबाच्या पुढं...

मुक्ता: नाही जाणार. तेच हवंय मला.

रईसा: मला नाय समजलं.

मुक्ता: सोपं असलं की थांबता येत नाही, आपा. चौतीसची लावलीत की मी परत वर पोचेन, कशीबशी, जीव काढून. मग पुढचा रविवार. आणि तुमचे दात संपले तरी हे थांबायचे नाहीत. बॅटरीची मोटर आणतील, अजून कुठून काय शोधून आणतील. मला त्या निंबाखाली बसायचंय. इतकी वर्षं त्याच्या सावलीतून गेले, पण बसले नाही कधी. बसले म्हणजे हरले, असं होतं माझं. आता हरायला काही वाटत नाही. ह्यांना शेजारी घेऊन बसायचंय फक्त.

रईसा: आणि भाऊंना वाटंल, चौतीसवरबी जमलं नाय.

मुक्ता: वाटू दे. तेव्हाच ते मला घरी नेतील. आणि एकदा तरी माझ्यासमोर रडतील. बाथरूममध्ये नळ सोडून रडतो हो हा माणूस, मला ऐकू जाऊ नये म्हणून. आपल्याकडं पाण्याची काय तऱ्हा, आणि हा नळ सोडून रडतो! मी बाहेर बसून पाणी वाया गेलेलं ऐकत राहते.

रईसा: मग सरळ तोंडावर सांगा ना. कशाला एवढं सगळं?

मुक्ता: सांगून पाहिलं. "अहो, ऐका" म्हटलं की हे उठतात. म्हणतात, थांब, आधी चहा टाकतो. दिवसात किती चहा पिते मी, विचारू नका. घरात मी ह्यांना पकडू शकत नाही, आपा. घाटात सापडतील.

रईसा: तिथं काय झालं तुम्हाला, तर माझं तोंड कुठं लपवू?

मुक्ता: डॉक्टर म्हणालेत, झेपेल तेवढंच. झेपेना झालं की उतरेन. उतरायलाच तर चाललेय. निंबाच्या पुढं एक फेरा मारणार नाही, शब्द देते. बाईंचा शब्द आहे.

रईसा: मला कोणी नव्हतं सांगितलं. शौकतच्या वेळंला.

मुक्ता: माहीत आहे. जालन्याहून आली होती खुशनुमा तेव्हा मला भेटायला आली होती. तिनं त्या तांदळाचं सांगितलं. अम्मीला न सांगून चूक केली म्हणून खूप रडली. म्हणून तर दुसऱ्या कुठल्या दुकानात न जाता तुमच्याकडे आले मी.

रईसा: रडली? माझ्यासमोर नाय रडली कधी.

मुक्ता: नळ सोडून रडत असेल. आज फोन करा तिला. आणि आता ती पेटी उघडा.

रईसा: उघडते, बाई. चावी शोधू द्या.

मुक्ता: शोधा. मी बसलेय इथं. घाई नाही मला.

रईसा: ही बघा तुमची अठ्ठावीसची. पुसूनच ठेवलेली. ही चढली... आता चेनच्या दोन कड्या कमी करते, ढिली राहिली तर घाटात उतरंल. हां. झालं. सायकल मीच टेम्पोत घालून रात्री घरपोच करते, भाऊंना इकडं येऊ देत नाय. दुकानात उजेडाला बघितलं तर त्यांना लगेच कळंल. पहाटेच्या अंधारात नाय कळायचं.

मुक्ता: एकदा फिरवून दाखवा.

(रईसा स्टँडवर टांगलेल्या सायकलीचं पेडल हातानं सावकाश फिरवते. मुक्ता डोळे मिटून, पेडलच्या दर फेऱ्याला एक, अशी नावं घेऊ लागते.)

मुक्ता: आव्हाड फकिरा गंगाराम. इनामदार झीशान रफिक. काझी वासिफ अन्वर. खरात... थांबा. बास.

रईसा: काय झालं? लागतंय कुठं?

मुक्ता: काही नाही. बरोबर आहे. आता पोरं पुरतील घाटाला.

* * *

शिवराज: चौतीस ठरलं होतं आपलं, आपा.

रईसा: बसा, भाऊ.

शिवराज: बसायला नाही आलो. अठ्ठावीस होते. मोजले मी. निंबाखाली बसून एकेका दाताला बोट लावून मोजले. ही बघा बोटं, घासली तरी काळी ती काळीच. टेम्पोतून सायकल घरपोच केलीत, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. तुम्ही तिला अठ्ठावीसवर घाटात पाठवलंत? काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?

रईसा: बाई कशा हायेत?

शिवराज: घरी आहे. झोपलीये.

रईसा: तुम्ही चिडा, शिव्या द्या, सगळं करा. आधी सांगा काय झालं. मी काल दिवसभर दुकान उघडलं नाय.

शिवराज: निंबापाशी उतरली. पडली नाही हं, आपणहून उतरली. सायकल हळूच बांधाला टेकवली. म्हणाली, "झालं हो. इथंच." मी आपला बडबडतोय, जरा दम घे, जाऊ पुढं, नवीन आहे, रुळलं नसेल अजून. काय वाट्टेल ते. मग ती बसली खाली आणि म्हणाली, "अहो, ऐका." आणि आपा, तिथं चहा टाकायला गॅस नव्हता.

रईसा: सगळं बोलल्या?

शिवराज: सगळं. हजेरी, माझ्या धापा, नळ. एक गोष्ट सोडली नाही. कधीपासून माहीत होतं बघा तिला! आणि मी येडा, मागून बघत बघत खूश व्हायचो, आज पण चढली, आज पण चढली. ती माझ्यासाठी चढत होती. नको असताना. मी तिला दर रविवारी माझ्या हातानं त्या घाटात घालत होतो, आपा!

रईसा: तुम्हाला काय म्हाईत होतं.

शिवराज: तेच तर. मला काय माहीत होतं. मग मी रडलो. भर रस्त्यात. वेरूळला जाणाऱ्या गाड्या चालल्या होत्या. एकानं गाडी थांबवून विचारलं पण, "काका, काही मदत पाहिजे का?" तर मुक्ता म्हणते, "नको, नको. आमचं बरं चाललंय."

रईसा: बाईच त्या.

शिवराज: वरून चंपाबाईनं बघितलं असेल. पदरात पेरू घेऊन खाली उतरत आली. दगडावर बसून कापला, तिखटमीठ लावलं, दोघांच्या हातावर ठेवला. म्हणाली, "दर रविवारी तुम्ही वर येता, आज मी खाली आले. काय बिघडलं?"

रईसा: माझ्यावर लई राग हाय का?

शिवराज: इथं येईपर्यंत होता.

रईसा: आणि आता?

शिवराज: आता कुठं काय. मघाशी गॅसवर चहा टाकायला उठलो, आणि ती "अहो" म्हणायच्या आत परत येऊन बसलो. नुसतं बसलो. बरं वाटलं.

रईसा: सायकलीचं काय करायचं? परत बत्तीसची लावू?

शिवराज: नको. व्हरांड्यात उभी आहे. असू दे अठ्ठावीसवरच, तिची तिला. त्या बाकीच्या कॅसेट कोणाला लागल्या तर देऊन टाका.

रईसा: बसा ना आता तरी.

शिवराज: बसतो. आपा, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्याच्यासाठीच आलो खरं तर. निंबाखाली बसल्यावर उरलेली हजेरी घेतली तिनं. जिथं उतरली तिथून पुढची.

रईसा: मुलींची.

शिवराज: मुलींची. एक नाव घ्यायची की दम लागायचा. मग मी त्या पोरीच्या वतीनं म्हणायचो, "हजर बाई." तेवढ्यात तिला श्वास मिळायचा, की पुढचं नाव. पठाण तहरीम, मी म्हणायचो हजर. वाघ श्रेया, हजर. असं करत करत तुमच्या खुशनुमापर्यंत आलो. शेख खुशनुमा शौकत. मी म्हणलं, हजर. मला वाटलं, संपली.

रईसा: तीच शेवटची ना.

शिवराज: हो. तर म्हणाली, "अजून एक राहिलंय." आणि माझं नाव घेतलं. शिवराज अप्पाराव, बापाच्या नावासकट. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आत्ता.

रईसा: मग?

शिवराज: मी हजर म्हणायच्या आत तिनंच उत्तर दिलं माझं. म्हणाली, "हजर आहेत. मागच्या बाकावर बसतात, म्हणून दिसत नाहीत."

रईसा: या अल्ला.

शिवराज: मग मी तिचं घेतलं. मुक्ता शिवराज.

रईसा: काय म्हणाल्या?

शिवराज: खाली दौलताबादकडं बघितलं तिनं. मग म्हणाली, "आजची हजेरी तेवढी मांडा."